लाल शिडांची पिल्ग्रिम: ब्रिक्सहॅम ते सॉल्कम, चार दिवस

गुरुवार, संध्याकाळ

ब्रिस्टलहून दुपारची ट्रेन पकडली. डॉलिशच्या इथे रूळ अगदी समुद्राच्या भिंतीला चिकटून जातात, खिडकीतून खाली बघितलं की थेट पाणी, तिथपासूनच मन बोटीवर जाऊन बसलं होतं. पेंटनला उतरून १२ नंबरची बस. इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅमला पूर्वी स्वतःची रेल्वे होती, १९६३ मध्ये बंद झाली, आता बसच.

आधी थोडं सांगतो की मी इथे का आलो. मी मूळचा हर्णैचा. आजोबांची शिडाची होडी होती, तीन माणसं आणि एक पोर एवढाच कारभार. सत्तरच्या आसपास गावात इंजिनं आली, आजोबा थकले, आणि ती होडी किनाऱ्यावर पडून राहिली. दोन पावसाळे शाकारली, तिसऱ्या पावसाळ्यात कोणी शाकारली नाही. सागाच्या फळ्या चांगल्या होत्या त्या लोकांनी नेल्या, उरलेलं चुलीत गेलं. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे. मी ती होडी बघितलीच नाही. घरात फोटोसुद्धा नाही. त्यामुळे इंग्लंडमध्ये सव्वाशे वर्षांपूर्वीची मासेमारीची शिडाची बोट अजून पाण्यात आहे, नुसती काचेमागे नाही तर खरोखर चालते आणि आपण पैसे भरून तिच्यावर चार दिवस काम करायला जाऊ शकतो हे कळल्यावर मी त्याच रात्री बुकिंग केलं.

बोटीचं नाव पिल्ग्रिम. नंबर बीएम ४५, बीएम म्हणजे ब्रिक्सहॅम. १८९५ साली इथल्याच अपहॅम यार्डात बांधली, आणि ब्रिक्सहॅममध्ये बांधलेल्या शिडाच्या ट्रॉलरपैकी (ट्रॉलर म्हणजे तळावरून जाळं ओढणारी मासेमारीची बोट) आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी हीच. धक्क्यावर उभं राहून पहिल्यांदा बघितली तेव्हा काळा हल म्हणजे बोटीचं धड, वर गुंडाळलेली लालभडक शिडं, आणि दोन डोलकाठ्या, पुढची उंच, मागची बुटकी. मी बराच वेळ नुसता उभाच होतो. फोटो काढायचं लक्षातच राहिलं नाही.

आमची बंक खाली, बोटीच्या पोटात, जिथे पूर्वी मासे आणि बर्फ भरायचे. झोपताना डोक्याशी ओकची जाडजूड फासळी, हात लावला तर गार आणि किंचित ओलसर. रात्रभर लाकूड कुरकुरत होतं.

शुक्रवार

पहाटे साडेपाचला उठून फिश मार्केट बघायला गेलो, ते आधीच ठरवून ठेवलं होतं. विकल्या जाणाऱ्या माशांच्या किमतीचा हिशोब केला तर ब्रिक्सहॅम हे इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं मासळी बंदर. पण हर्णैच्या लिलावाची सवय असलेल्या माणसाला आत गेल्यावर चुकल्यासारखं होतं, कारण आवाजच नाही! ना ओरडा, ना बैलगाड्या, ना पाटी डोक्यावर घेऊन धावणाऱ्या बायका. २०१९ पासून बोली ऑनलाईन लागते, घेणारा माणूस कुठेतरी आपल्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर. इथे नुसते बर्फाचे क्रेट रांगेत. लेप (इथे सोल म्हणतात, हा फारच भाव खातो), टर्बट, मंकफिश, आणि माकुल, काळ्या शाईने बरबटलेले क्रेटच्या क्रेट. माकुल बघून घरची आठवण आली म्हणून तिथूनच बाबांना फोन लावला. तिकडे साडेदहा वाजलेले, जून महिना म्हणजे मासेमारी बंदी, सगळ्या बोटी वर ओढलेल्या, बाबांना वेळच वेळ. व्हिडिओवर माकुल दाखवले. मग बाहेर येऊन लांबून पिल्ग्रिम दाखवली.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दोन काठ्या. परबाण कुठाय?" (परबाण म्हणजे आमच्याकडे शीड ज्याला बांधतात ते लांब लाकूड.)

मी म्हटलं, "आपल्यासारखं तिरकं परबाण नाही हो बाबा, शिडाच्या वरच्या बाजूला एक आडवं लाकूड आहे, त्याला दोन दोर, एक काठीजवळच्या टोकाला, एक बाहेरच्या टोकाला."

"दोन? मग शीड उतरवताना आधी कुठला सोडतात?"

मला माहीत नव्हतं. "बघून सांग," म्हणाले आणि फोन ठेवला.

निघायला अजून वेळ होता म्हणून गावातलं म्युझियम बघितलं. (बंदरात ड्रेक या जुन्या दर्यावर्दीच्या गोल्डन हाइंड जहाजाची नक्कल उभी आहे, १६८८ ला इथे उतरलेल्या राजा विल्यमचा पुतळा आहे, तिथे पर्यटकांची गर्दी, मी पुढे गेलो.) म्युझियममध्ये मला शेवटी नीट कळलं की इंजिन नसताना ट्रॉलिंग कसं करायचे. जाळं म्हणजे एक मोठी पिशवी, तळावरून ओढायची. तिचं तोंड उघडं राहायला हवं. आजच्या ट्रॉलरला इंजिनचा जोर असतो म्हणून बऱ्याच बोटींवर दोन बाजूंना फळ्या लावून पाण्याच्या दाबानेच तोंड फाकवता येतं. शिडाच्या बोटीला वाऱ्याचा काय भरवसा, कधी जोरात कधी मंद, म्हणून तोंडावर एक लांबलचक लाकडी वासाच बसवायचे, मोठ्या बोटींना चाळीस-पन्नास फुटांपर्यंत, आणि त्याच्या दोन्ही टोकांना घोड्याच्या रिकिबीसारखे दिसणारे लोखंडी पाय, जे तळावरून घसरत जायचे. बोट थांबली तरी तोंड बंद व्हायचं नाही. आणि ओढायचं ते भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर, वारा आणि पाणी दोन्ही कामाला लावून. जाळं वर घ्यायला आधी हाताने फिरवायचा रहाट, मग छोटं वाफेचं कॅपस्टन (दोर गुंडाळणारा उभा रहाट) आलं आणि त्यामुळे बोटी मोठ्या झाल्या, एका डोलकाठीच्या दोन झाल्या. मोठ्या बोटींना स्लूप म्हणायचे, मधल्यांना म्यूल म्हणजे खेचर, आणि लहानांना मम्बल-बी. इथली माणसं हे तंत्र घेऊन रॅम्सगेट, हल, ग्रिम्सबीपर्यंत गेली, तिकडची मोठी बंदरं उभी राहण्यात यांचा हात आहे.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो शिडांच्या रंगापाशी. ही शिडं लाल का? मला वाटायचं शोभेसाठी. तसं नाही. सुती कापड खाऱ्या पाण्यात कुजतं. ब्रिक्सहॅमच्या जमिनीत लाल माती निघायची, आपण जिला काव म्हणतो तीच. ती काव, ओकच्या झाडाची साल, चरबी आणि डांबर एकत्र उकळून ते गरम गरम शिडांना लावायचे. आता ऐका. आमच्याकडे नायलॉन यायच्या आधी जाळी सुताची होती तेव्हा ऐनाची साल मोठ्या भांड्यात उकळून त्या तांबड्या काढ्यात जाळी बुडवून ठेवायचे, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत सडली असती. आजी सांगायची की काढा ढवळला की आठवडाभर हात तांबडे राहायचे. कुठे डेव्हन, कुठे दापोली तालुका, दोघांची कधी भेट नाही, आणि दोघांनी झाडाच्या सालीतच उपाय शोधला. माझ्या अंगावर खरंच काटा आला. आज पिल्ग्रिमची शिडं अर्थातच आधुनिक कापडाची आहेत, रंग तेवढा तोच ठेवलाय.

दुपारी निघालो. स्किपर चाळिशीतल्या बाई आहेत, बोलणं कमी, पण कामाचं सांगताना तीनदा सांगतील. हाताखाली दोन पगारी माणसं, एक रिटायर्ड पोस्टमन जे फुकट काम करतात, आणि आम्ही नऊ पाहुणे. इंजिनवर बंदराबाहेर पडलो, ब्रेकवॉटर ओलांडला (लाटा अडवणारा बांध, अर्धा मैल लांब, १८४३ ला सुरू केला, पुरा व्हायला १९१६ उजाडलं) आणि मग मोठं शीड चढवलं.

ते चढवणं सांगतोच. वरच्या आडव्या लाकडाला गॅफ म्हणतात. काठीकडच्या टोकाच्या दोराला (थ्रोट) चार जण, बाहेरच्या टोकाच्या दोराला (पीक) चार जण, आणि दोन्ही बाजू बरोबरीने वर गेल्या पाहिजेत, गॅफ आडवं सरळ राहिलं पाहिजे. एक बाजू पुढे गेली की काठीला मिठी मारणारा तो लाकडी जबडा अडकतो. स्किपर बाई खालून वर बघत फक्त "थ्रोट थांबा, पीक ओढा" एवढंच बोलत होत्या. शेवटचे दोन फूट नुसत्या ओढण्याने जात नाहीत, मग एकाने ताणलेल्या दोरावर अंगाचं वजन टाकून तो बाजूला वाकवायचा आणि सोडताना जो ढील मिळतो तो दुसऱ्याने पटकन खुंटीशी खेचून घ्यायचा, एका वेळी दोन-तीन इंच. दहा मिनिटांत माझे तळहात लाल झाले. आणि मग इंजिन बंद केलं.

ती शांतता मी शब्दांत नाही सांगू शकत. शीड एकदा फडाडलं, भरलं, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी बोट एका बाजूला झुकून चालायला लागली. पोस्टमन काका म्हणाले, आता ती श्वास घेतेय.

बेरी हेडला वळसा घातला. वर दीपगृह आहे, ते जेमतेम ५ मीटर उंच, पण कड्यावर असल्यामुळे दिवा समुद्रापासून ५८ मीटरवर. कड्यावर पक्ष्यांची वसाहत, त्यांचा कलकलाट खालपर्यंत. संध्याकाळी डार्टमाउथ. नदीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना किल्ले, पूर्वी मधून साखळी ओढून नदी बंद करायचे.

शनिवार

आज लांबचा पल्ला आणि वाईट सुरुवात. नदीतून बाहेर पडल्यावर लाट आडवी लागली आणि मला ओकाऱ्या सुरू झाल्या, दोन तास काही सुधरेना. स्किपर बाईंनी काही औषध वगैरे दिलं नाही, सुकाणू हातात दिलं. म्हणाल्या लांब किनाऱ्यावरच्या त्या पांढऱ्या घराकडे बघ आणि बोट तिकडेच ठेव. पंधरा मिनिटांत पोट जागेवर आलं. वायव्येचा वारा होता, जमिनीवरून येणारा, त्यामुळे बोट झकास पळत होती, चार शिडं वर होती आणि मागे पांढरी रेघ.

सुकाणू धरून असताना पोस्टमन काका शेजारी बसून बोलत होते आणि त्यांनी प्रॉव्हिडंटची गोष्ट सांगितली. म्युझियममध्ये वाचली होती, पण त्याच पाण्याच्या जवळ ऐकणं वेगळं. १ जानेवारी १९१५, पहाटे. फॉर्मिडेबल नावाच्या युद्धनौकेला जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला, वादळ सुटलेलं, सातशे ऐंशीच्या आसपास माणसांपैकी साडेपाचशेच्या जवळपास गेली. तिची एक उघडी नाव लोकांनी खच्चून भरलेली, पाणी उपसत उपसत भरकटत होती. ब्रिक्सहॅमचा शिडाचा ट्रॉलर प्रॉव्हिडंट त्याच वादळात आसरा शोधत होता. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, विल्यम पिलर, सोबत दोन माणसं आणि एक शिकाऊ पोरगा. त्यांनी ती नाव बघितली. आता शिडाच्या बोटीला रिव्हर्स नसतो, जागेवर थांबता येत नाही, वादळात शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला फिरवायचं म्हणजे डोलकाठी मोडायची भीती. तरी त्यांनी बोट फिरवली, दोर फेकायला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागले, शेवटी दोर लागला, आणि ७१ माणसं एकेक करून वर घेतली. चार माणसांच्या बोटीवर एकाहत्तर. राजा पाचव्या जॉर्जने चौघांना शौर्यपदकं दिली.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९१६ मध्ये, तीच प्रॉव्हिडंट जर्मन पाणबुडीने बुडवली. त्या युद्धात ब्रिक्सहॅमच्या बऱ्याच बोटी अशाच गेल्या. १९२४ ला पिलर यांच्यासाठी त्याच नावाची नवीन बोट बांधली, गॅम्प्टनला, ती आजही आहे. काका बोलत होते तेव्हा मला आमची तीन माणसं आणि एक पोरच दिसत होतं. आजोबा तांडेल, आणि पोर म्हणजे बाबा.

युद्धानंतर वाफेच्या बोटी आणि इंजिनांपुढे ही शिडं टिकली नाहीत, एकेकाळी या बंदरात शेकड्यांनी होत्या त्या दुसऱ्या महायुद्धापर्यंत बोटांवर मोजण्याएवढ्या राहिल्या. पिल्ग्रिम वाचली ती खरं तर विकली गेली म्हणून. उत्तरेकडे स्कँडिनेव्हियात गेली, माल वाहिला, इंजिन बसवलं, रूप पार बदललं. पण कामात राहिली म्हणून लाकूड राहिलं. १९९९ ला परत ब्रिक्सहॅमला आली, तेव्हा अवस्था फार खराब होती. लोकांनी ट्रस्ट केला, लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या हेरिटेज फंडातून मदत मिळाली, कुजलेल्या फासळ्या आणि फळ्या काढून नवीन ओक घातला, आणि २०१३ ला ती पुन्हा शिडांवर निघाली. म्हणजे चौदा वर्षं! चौदा वर्षं माणसं एका मासेमारीच्या होडीमागे लागली होती. ती काही राजाची बोट नव्हती, लढाऊ जहाज नव्हतं, गरीब माणसांच्या पोटापाण्याची बोट होती. माझा जीव याच गोष्टीत अडकलाय. आपल्याकडे आरमाराचा इतिहास सगळे सांगतात, पण मचवा कसा बांधायचा, शीड कसं शिवायचं हे ज्या हातांना माहीत होतं ते हात गेले आणि आपण साधी मापंसुद्धा लिहून ठेवली नाहीत.

दुपारी स्टार्ट पॉईंटच्या अलीकडे हॉलसँड्स लागलं. लांबून कड्याच्या पायथ्याशी दोन-चार मोडक्या भिंती. हे कोळ्यांचं गाव होतं. १८९० च्या दशकात प्लिमथच्या नौदल गोदीच्या कामासाठी गावासमोरच्या समुद्रातून रेती-गोटे उपसले, लाखो टन. गावकरी ओरडत होते की किनारा खाली चाललाय. परवाना १९०२ ला रद्द झाला, पण गेलेली रेती परत आली नाही. जानेवारी १९१७ च्या वादळात, भरती आणि वारा एकत्र आला, आणि गाव वाहून गेलं, राहण्यालायक एकच घर उरलं. जीव मात्र कोणाचा गेला नाही. डेकवर सगळे गप्प होते. मी काही बोललो नाही, पण आमच्या खाड्यांमधून रात्री रेती उपसणारे जे सक्शन पंप चालतात त्यांचाच आवाज कानात येत होता.

स्टार्ट पॉईंटचं पांढरं दीपगृह (१८३६ चं) मागे टाकलं तशी लाट वाढली. सॉल्कमच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटीला आणि दक्षिणेच्या वाऱ्यात तिथे लाटा फुटतात, त्यामुळे भरतीची वेळ साधून आत शिरलो. हे मात्र मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. जेवणात मॅकरेल, वाटेत दोन पोरांनी गळाला लावलेले, बांगड्याचे भाऊच. मी माझ्या डब्यातला मसाला काढला आणि कॅरेबियन मूळ असलेल्या एका बाईंनी अर्धी डबी संपवली.

रविवार

परतीचा दिवस. वारा नैऋत्येचा झाला, म्हणजे पाठीवर, बोट नुसती डुलत पळत होती. फार सांगण्यासारखं काही नाही, झोप अपुरी आणि अंग दुखत होतं. एक गोष्ट मात्र. सकाळी निघायच्या आधी दोघांनी बादल्यांनी समुद्राचं पाणी काढून पूर्ण डेक भिजवलं. मी विचारलं धुताय का, तर म्हणाले धुतोय पण आणि पाजतोय पण. फळ्यांमधल्या फटींत दोराचे तंतू ठोकून वर डांबर ओततात, पण खरी फट बुजते ती लाकूड पाणी पिऊन फुगतं तेव्हा. बोट चार महिने कोरडी उभी राहिली तर फळ्या आकसतात आणि ती गळायला लागते. गोडं पाणी नको, त्याने कुजते, खारंच पाहिजे. मग मीही बादली घेतली. ओलं डेक आधी काळसर होतं आणि उन्हात हळूहळू परत राखाडी, फटीची रेघ सगळ्यात शेवटी सुकते.

बेरी हेड दिसलं तसा मी स्किपर बाईंना विचारलं, शीड उतरवताना मला दोरावर उभं कराल का? माझ्या वडिलांना उत्तर द्यायचंय. त्यांनी कारण विचारलं, मी आजोबांच्या होडीचं सांगितलं. त्यांनी मला थ्रोटच्या दोरावर, म्हणजे काठीकडच्या टोकाला, उभं केलं. बोट वाऱ्यात तोंड करून उभी केली, शीड फडफडायला लागलं. खुंटीवरचे वेढे एकेक काढले, एक वेढा ठेवला, आणि त्या एका वेढ्यावरून घसरत दोर सोडायचा. हात पोळतो, पण एकदम सोडता येत नाही कारण वर ते लाकूड तीन-चार माणसांना चिरडेल एवढं जड. दोन्ही दोर एकदमच सोडायचे, फक्त बाहेरचं टोक कणभर वर ठेवायचं. मी माझ्या दोराकडे न बघता पलीकडच्या माणसाच्या हातांकडे बघत होतो. लाल कापड घड्या घालत खाली आलं आणि आम्ही सगळे त्याच्यावर पडून ते बांधलं.

चारला धक्क्याला लागलो. तिकडे साडेआठ. बाबांना फोन केला, सांगितलं की आधी कुठलाच नाही, दोन्ही एकत्र, बाहेरचं टोक जरा वर.

"हां," म्हणाले. "नाहीतर जबडा अडकेल."

मी त्यांना जबड्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

ट्रेनमध्ये होतो, डॉलिश मागे पडलं होतं, तेव्हा व्हॉट्सॅपवर फोटो आला. वर्तमानपत्रावर ठेवलेली एक लाकडी कप्पी, काळीकुट्ट, कडेला चीर, मधलं चाक एका बाजूने झिजलेलं. शेजारी अंदाज यावा म्हणून काड्यापेटी. खाली लिहिलं होतं, माळ्यावर होती, तुझ्या आजोबांची, पुढल्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा, त्या बाईंना दाखव.

म्हणजे एवढी रात्र झालेली असताना बाबा शिडी लावून माळ्यावर चढले होते.